कोऱ्या तारखेची ओळ

संगणकाच्या खोलीत शिरण्याआधी सुभेदार तीन गोष्टी करायचे. चपला बाहेर काढायचे, गळ्याला मफलर गुंडाळायचे आणि दारावर दोनदा टिचकी मारायचे. चपला आणि मफलर मी समजू शकत होते. आत एअरकंडिशनर होता आणि धुळीचा सगळ्यांनीच धसका घेतला होता. टिचकीचं कारण मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात विचारलं.

"आत कामावर हाय न्हवं त्यो? न इचारता कसं शिरायचं?"

"आत कुणीच नाही, सुभेदार. नुसता कॉम्प्युटर आहे."

"त्योच म्हणतोय मी."

मी वहीत लिहिलं: 'दारावर टिचकी.' मला तेव्हाही याद्या करायची सवय होती. सांगलीहून डिप्लोमा करून नुकतीच आले होते. नव्या जागी गेलं की तिथल्या चुकीच्या पद्धतींची यादी करायची, असं माझं ठरलेलं होतं. पहिल्या महिन्यात एकट्या सुभेदारांच्या नावावर अठरा नोंदी झाल्या. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या अठरांपैकी सतरा गोष्टी पुढं मी स्वतः करत राहिले. टिचकी तेवढी मारत नाही.

आमचा साखर कारखाना सातारा जिल्ह्याच्या दक्षिण भागात होता. सुभेदार मूळचे कोरेगावकडचे, फौजेत सिग्नलमन म्हणून भरती होऊन सुभेदार म्हणून बाहेर पडलेले. कारखान्यानं त्यांना टेलिफोन सांभाळायला घेतलं. पुढं संगणक आला तेव्हा एम.डी. साहेबांना वाटलं, ज्याला तारा कळतात त्याला हेही कळेल. आश्चर्य म्हणजे कळलं. सुभेदारांनी इंग्रजी पुस्तक आणि मुलीचा शाळेतला शब्दकोश शेजारी-शेजारी ठेवून दोन वर्षांत एक प्रोग्रॅम लिहिला. त्या प्रोग्रॅमला आम्ही 'तोडणी' म्हणायचो. कुणाचा ऊस कधी तोडायचा याचा क्रम तो लावायचा.

बाहेरच्या माणसाला हे साधं वाटेल. आमच्याकडे त्या यादीइतका नाजूक कागद दुसरा नव्हता. ऊस वेळेत तुटला तर वजन भरतं आणि रान पुढच्या पिकाला मोकळं होतं. उशीर झाला की उसाला तुरा येतो, आतून पोकळ पडतो, आणि पेरणीही हुकते. पूर्वी क्रम हातानं लागायचा आणि पुढं सरकायला लोक पाव्हणे शोधायचे. 'तोडणी' आली आणि पाव्हण्यांचं महत्त्व उतरलं. संगणकाला चुलता-मामा नसतो एवढं लोकांना पटलं होतं.

हा प्रोग्रॅम सुभेदार मागेल त्या कारखान्याला देत. नुसता चालवायला नाही, तर आतल्या सगळ्या ओळींसकट, म्हणजे घेणाऱ्याला तो उघडून वाचता यावा, बदलता यावा असा. सातारा आणि सांगली मिळून सहा कारखान्यांत तो चालायचा. एम.डी. साहेबांनी एकदा विचारलं होतं, "अहो, दोन वर्षांची मेहनत अशी वाटून काय टाकता?"

"साहेब, शेजारणीला इरजण दिलं म्हणून आपलं दही कमी हुतं व्हय?"

अट एकच होती. काही बदललं, काही बिघडलं, काही सुचलं, तर पोस्टकार्डावर लिहून कळवायचं. फोन चालणार नाही. "फोनवर माणूस भांडतो. कार्डावर जागा कमी, म्हणून मुद्द्याचं लिवतो." बदल सुचवणारा, करणारा, कारण आणि तारीख, सगळं कार्डावर. ती कार्डं फौजेच्या हिरव्या ट्रंकेत जायची आणि त्यांची नोंद एका लांबट रजिस्टरात व्हायची.

दुसरा नियम त्याहून विचित्र. हंगामाच्या सुरुवातीला गव्हाणीत, म्हणजे ऊस यंत्रात ओढून नेणाऱ्या मार्गात, उसाची पहिली मोळी टाकतात. त्या दिवशी सगळे पूजेला असायचे आणि सुभेदार ट्रंकेला कुलूप लावत असायचे. मूळ ओळींच्या फ्लॉप्या आत, किल्ली जानव्यासारखी गळ्यात. मग हंगाम संपेपर्यंत, म्हणजे आमच्या भाषेत पट्टा पडेपर्यंत, एक अक्षर बदलायचं नाही. चेअरमननी सांगितलं तरी नाही. कार्डं येतील ती तारेला टोचून ठेवायची. पट्टा पडला की ट्रंक उघडायची, आणि मग उन्हाळाभर जे काय नवं करायचं ते करायचं.

"तुम्हाला नवं काही नकोच असतं," मी एकदा चिडून म्हणाले.

"नवं नगं म्हणत न्हाई, पोरी. वकूत म्हणतोय. गव्हाण चालू असताना दात बदलत न्हाईत."

एकदा एका मासिकात मी वाचलं की परदेशात काही लोक असेच प्रोग्रॅम लिहून ओळींसकट जगाला वाटतात आणि जगभरची माणसं त्यात सुधारणा करतात. मला वाटलं, सुभेदार हरखून जातील. मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शेंगदाणे आणि गूळ खात शांतपणे ऐकलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पर त्यांचा पट्टा कवा पडतो?"

"त्यांचा पट्टा नसतो. रोज बदलत असतात."

"मग त्यांच्याकडं ऊस नसंल."

उन्हाळ्यातल्या कामाचा शेवट स्पर्धेनं व्हायचा. नव्या बदलांसकट प्रोग्रॅम तयार झाला की सुभेदार कारखान्याच्या गावोगावच्या गट ऑफिसांतले लेखनिक बोलावायचे आणि सांगायचे, "मोडा ह्याला." जो प्रोग्रॅम मोडून दाखवेल त्याला सांगलीचं एक किलो भडंग. माणसं दिवसभर उलटसुलट आकडे भरायची, नको ती बटणं दाबायची. कोरेगाव गटाचे लेखनिक आबा बहुतेक वेळा जिंकायचे. संगणकाची त्यांना एवढी भीती वाटायची की ते बोट थरथरत ठेवायचे, आणि एकाच अक्षराची ओळ उमटायची. सुभेदार त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "आबा, तुमच्यासारखा गनीम न्हाई. घ्या भडंग." मी मनात म्हणायचे, ही काय चाचणीची पद्धत झाली? वहीतली नोंद क्रमांक अकरा.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. आतापर्यंतचं मी कितीतरी जणांना हसत हसत सांगितलेलं आहे. पुढचं नाही.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मी प्रोग्रॅमच्या ओळी घरी नेऊन नीट वाचल्या. त्यात विचित्र ओळी खूप होत्या. कुठं मध्येच एखादी अट, कुठं एकाच गटापुरता अपवाद. मी त्यांची यादी केली, मथळा दिला 'अनावश्यक', आणि सुभेदारांपुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावून यादी शेवटपर्यंत वाचली.

"ह्यातली एकबी काढू नगंस. येका-येका येड्या वळीमागं येक-येक शाणा माणूस हाय."

"कोण माणूस?"

"ट्रंक उघडीच हाय. कार्डं वाच."

मी वाचली नाहीत. उन्हाळाभर ती ट्रंक माझ्या टेबलापासून चार पावलांवर उघडी होती. त्याऐवजी मी माझी एक वेगळी प्रत केली, त्या ओळी काढून टाकलेली, स्वच्छ. कुणाला देण्यासाठी नव्हे, स्वतःच्या समाधानासाठी, असं मी स्वतःला सांगितलं.

दिवाळीनंतर मोळी पडली, ट्रंकेला कुलूप लागलं. आठ दिवसांनी माझ्या मैत्रिणीचा फोन आला. डिप्लोमाला आम्ही एका बाकावर होतो. ती सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्यात संगणक सांभाळायची, तिथंही 'तोडणी'च चालायची. तिच्या शेतकी अधिकाऱ्यांना लवकर पिकणाऱ्या जातींचा ऊस क्रमात आधी हवा होता.

"सुभेदारांना कार्ड टाकू का?" तिनं विचारलं.

"टाक. उत्तर उन्हाळ्यात येईल," मी म्हणाले, आणि दोघी हसलो. मग मी म्हणाले, "थांब, मी करते."

माझ्या स्वच्छ प्रतीत मी दोन दिवसांत ते बसवलं. काम चांगलं झालं होतं, हे मी आजही म्हणेन. रविवारी घरी गेले तेव्हा सांगलीच्या एस.टी. स्टँडवर तिच्या हातात फ्लॉपी दिली. कार्ड लिहिलं नाही.

काढून टाकलेल्या ओळींतली एक अशी होती: लागणीची, म्हणजे ऊस लावल्याची, तारीख कोरी असेल तर मागच्या वर्षीच्या तोडीची तारीख धरावी. मला ती निव्वळ ढिलाई वाटली होती. तारीख कोरी का असेल? भरायलाच हवी ना? मी शहरात वाढलेली. खोडवा म्हणजे काय हे मला पुस्तकात ठाऊक होतं: ऊस तोडल्यावर त्याच बुंध्यातून फुटून आलेलं दुसरं पीक. पण खोडव्याची लागण होतच नाही, म्हणून नोंद घेणारा माणूस लागणीचा रकाना प्रामाणिकपणे कोरा सोडतो, हे मला सुचलं नव्हतं. आणि ज्यांच्या तारखा कोऱ्या, त्यांना संगणक क्रमात सगळ्यांत शेवटी टाकतो. खोडवा खरं तर सगळ्यांत आधी तुटायला हवा.

त्या कारखान्याच्या एका मोठ्या गटातले खोडवे असे तळाला गेले. शेतकऱ्यांना सुरुवातीला वाटलं, तोडणीच्या टोळ्या कमी आल्या असतील. संक्रांतीच्या सुमाराला ते तुरा आलेले ऊस घेऊन ऑफिसात आले आणि साहेबांच्या टेबलावर आडवे ठेवले. मैत्रिणीला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की फ्लॉपी सुभेदारांच्या खोलीतून आली. तिनं मला वाचवलं.

आमच्या एम.डी. साहेबांनी सुभेदारांना केबिनमध्ये बोलावलं. टिपण घ्यायला मला बसवलं. टेबलाच्या कोपऱ्यावर मला नोकरीत कायम करण्याची फाइलही होती. सहीसाठी आलेल्या ढिगात ती वरून तिसरी होती.

"हंगाम चालू असताना बदल? तुम्ही?" साहेब म्हणाले. "सुभेदार, हा बदल कोणी केला?"

मी वहीत प्रश्न लिहिला: 'बदल कोणी केला?' सवयीनं पुढं उत्तरासाठी चौकोन काढला. सुभेदारांनी त्या चौकोनाकडं बघितलं. माझ्याकडं नाही.

"बदल माझ्या खोलीतनं गेला, साहेब."

"म्हणजे तुम्ही केलात?"

"खोली माझी हाय."

घड्याळ बघून सांगत नाही, पण बोलायला पुरेसा वेळ होता. मी बोलले नाही. का, याच्या याद्या नंतर मी पुष्कळ केल्या. नोकरी कायम व्हायची होती. वडील निवृत्त होणार होते. मैत्रीण अडचणीत आली असती. सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही कारण नाही. मला फक्त त्या खोलीत चुकलेली म्हणून दिसायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुभेदार ट्रंक घेऊन निघाले. कागदाचे गठ्ठे धरायला साहेबांनी मला सोबत दिलं. कराडला गाडी बदलून आम्ही मैत्रिणीच्या कारखान्यावर गेलो. तिथं तीन दिवस राहून त्यांनी ती ओळ परत बसवली, क्रम नव्यानं छापला. माझ्या बदलापाशी आले तेव्हा पडद्याकडं बघतच म्हणाले, "हे लवकर पिकणाऱ्या जातीचं ज्यानं केलंय त्यानं चांगलं केलंय. ऱ्हाऊ दे." मी मान हलवली. मला शाबासकी मिळाली होती आणि घेता येत नव्हती.

क्रम छापून झाल्यावर काम संपलं होतं. पण सुभेदार कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला सांगत होते, चूक आमच्याकडनं झाली. मी मागं कागद धरून.

एक म्हातारा, डोक्याला फेटा, तोही जुना फौजी, पुढं आला. "सुभेदार म्हणं तुमी. पलटणीत असं चालतं व्हय?"

"न्हाई. पलटणीत मला आत घातलं असतं."

"मग हितं?"

"हितं तुमी सांगाल ते."

म्हातारा फाटकाला टेकला. त्याच्या शेजारी एक बाई होती, पन्नाशीची, हातात उसाचा तुरा. ती ओरडली नाही, त्यामुळं तिचं बोलणं जास्त ऐकू आलं. "आवं, खोडवा गेला की त्या रानात आमी गहू करतो. वरसाचा गहू. आता त्याचा वकूत गेला. तुमच्या मिशनीला आमी काय केलंतं?"

सुभेदारांनी हात जोडले. माझ्या हातात कागद होते, म्हणून मी जोडले नाहीत. असं मी स्वतःला त्या वेळी सांगितलं.

परतताना सांगलीच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. सुभेदार मला बाकावर बसवून कुठंतरी गेले आणि पुडा घेऊन आले. तो माझ्या मांडीवर ठेवला. किलोचं भडंग.

"कशाला?" मी विचारलं.

"नियम म्हंजे नियम," ते म्हणाले, आणि साताऱ्याची गाडी लागली का ते बघायला उठले.

तो पुडा मी घरी नेला नाही. गाडीतच सीटखाली ठेवून उतरले.

पट्टा पडल्यावर साहेबांनी ठरवलं की हे असं वाटावाटीचं काम पुरे. पुण्याच्या कंपनीचा बंद प्रोग्रॅम घ्यायचा, आतलं कुणाला दिसणार नाही, कुणी हात लावणार नाही. तो शिकायला मला दोन महिने पुण्याला पाठवलं. परत आले तेव्हा मी विभागाची प्रमुख होते आणि सुभेदार फाटकाशेजारच्या हजेरी ऑफिसात होते. हळूहळू इतर कारखान्यांतूनही 'तोडणी' गेली. नवा प्रोग्रॅम वाईट नव्हता. पण त्यात काही चुकलं की कंपनीला फोन करायचा आणि वाट बघायची. आबांसारख्या लेखनिकाचं कार्ड घ्यायला तिथं कुणी नव्हतं.

सुभेदार निवृत्त झाल्यावर मी एकदाच त्यांच्या घरी गेले. त्यांनी मफलर गुंडाळलेला होता, थंडी नसताना. चहा आला. मी बसते न बसते तोच म्हणाले, "कार्ड आणलंस?"

"विसरले," मी म्हणाले.

"तू? इसरलीस?"

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. मग उसाचं, पावसाचं, मुलीच्या नोकरीचं बोलून मी निघाले. दर वर्षी नव्या डायरीच्या पहिल्या पानावर मी राहिलेली कामं उतरवून घेते. 'कार्ड' हा शब्द एका डायरीतून दुसरीत किती वेळा उतरला ते मोजलेलं नाही. कोरेगाव माझ्यापासून तासाभरावर आहे.

सुभेदार गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांच्या मुलीनं ट्रंक माझ्याकडे पाठवली, किल्ली दोऱ्यानं कडीला बांधून. या वर्षी मी ती उघडली. कार्डांचे गठ्ठे वर्षवार होते. शोधत गेले तर आबांचं कार्ड सापडलं, अक्षर थरथरतं: 'खोडव्यास लागण नाही. लागण नाही तर तारीख कसली. मागील तोडीची धरावी ही विनंती.' तीन छोटी वाक्यं. वाचायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

रजिस्टरातली शेवटची नोंद सुभेदारांच्या हातची होती. बदल: कोऱ्या तारखेची ओळ काढली. परिणाम: खोडवे मागं पडले, गहू गेला. दुरुस्ती: ओळ परत घातली. दुरुस्ती करणारा: त्यांचं नाव. बदल करणारा: कोरं.

मी तिथं माझं नाव लिहिलं. मग कार्ड आणलं. सुभेदार नव्हते, पण जिच्यावर मी काट मारली ती ओळ ज्यांची होती ते आबा होते, ऐंशीच्या पुढं, कोरेगावातच. बदल काय, कधी, कुणी आणि का, एवढंच लिहिलं. 'का'समोर लिहिलं, 'कार्ड न वाचल्यामुळे.' जागा खरंच कमी असते.

आठव्या दिवशी फोन आला.

"बाई, मी आबा. कोरेगाव गट."

"कार्ड मिळालं, आबा?"

"मिळालं. नातवाकडनं दोनदा वाचून घेतलं." मग म्हणाले, "त्या साली तुमी पुण्याला गेलता. आमी समदे लेखनिक नेहमीसारखं जमलो. सुभेदार म्हणले, औंदा स्पर्धा न्हाई, औंदाचं भडंग देऊन झालंय. कुणाला, कुणाला, म्हणून आमी लय पिडलं त्यास्नी."

"काय म्हणाले?"

"म्हणले, त्याचं कार्ड आलं की सांगतो."

"फार उशिरा आलं, आबा," मी म्हणाले.

"व्हय," आबा म्हणाले. "लय वाट बघितली त्यांनी."